माळेतली कवडी

कोजागरीला लातूरहून तुळजापूरकडे पायी निघालेल्या गर्दीत कवड्यांच्या माळा घातलेले आराधी हमखास दिसतात. माहूरला रेणुकेच्या गडावर गोंधळ्याच्या गळ्यातही तीच माळ. नांदेड-लातूरपासून समुद्र कुठल्याही दिशेने गेलं तरी तीनशे किलोमीटरहून दूर. पण इथल्या देवीचा दागिना समुद्रातला आहे: कवडी म्हणजे एका लहान सागरी गोगलगाईचं कवच.

'मोनेटारिया मोनेटा' हे तिचं शास्त्रीय नाव. लॅटिनमध्ये मोनेटा म्हणजे नाणं. हिंदी आणि प्रशांत महासागराच्या उथळ पाण्यात, प्रवाळांच्या आसपास ती शेवाळ खरवडून जगते.

पिलू असताना तिचा शंख इतर गोगलगाईंसारखाच पातळ, वेटोळ्यांचा असतो. वाढ पुरी होत आली की बाहेरची कड आत वळते, तोंडाची फट अरुंद होते, दोन्ही ओठांवर दात उमटतात. मग लांबी वाढत नाही, कवच फक्त जाड होत जातं. जिवंत कवडीच्या अंगाचा मांसल पडदा फटीतून बाहेर येऊन दोन्ही बाजूंनी पाठीवर चढतो आणि चुन्याचे नवे थर देत राहतो. म्हणून इतर शंख वाळू-दगडांवर घासून खरबरीत होतात, कवडी मात्र काचेसारखी तुकतुकीत राहते. पाठ फुटलेली कवडी मिळाली तर आत जरूर डोकवावं. पिलाचं ते जुनं वेटोळं तिथे लपलेलं असतं.

कवड्या धरायला मालदीवचे लोक नारळाच्या झावळ्या पाण्यात सोडत. कवड्या त्यांना चिकटत. मग त्या वाळूत पुरून आतलं मांस कुजवलं जाई. तिथून त्या चलन म्हणून बंगालात जात आणि बदल्यात तांदूळ येई. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) हिशेबच दिला आहे: 20 कवड्यांची एक काकिणी, 4 काकिणींचा पण, 16 पणांचा द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला 1280 कवड्या. आज मोंढ्यात सोयाबीनचा भाव पडला की शेतकरी 'कवडीमोल' म्हणतो, त्यामागे हे खरंखुरं चलन आहे.

माळ हातात आली तर एकेक कवडी पाहावी. पाठीवर सोनेरी-नारिंगी कडं असेल, तर ती 'मोनेटारिया ॲन्युलस', वेगळ्या जातीची बहीण. गाठीगाठींची, पिवळसर असेल ती मोनेटा. बरीच वर्षं अंगावर वागवलेल्या माळेत हा रंग उडून दोघी पांढऱ्या झालेल्या असतात.