न्हाणीघरांतील गीझर : दुरुस्ती कीं नवा?

वसई-विरारच्या पट्टींत हिवाळा म्हणण्याजोगा हिवाळा फारसा पडत नाहीं; तरीही सकाळीं ऊन पाण्यावांचून ज्यांचें भागतें अशीं घरें आतां तेथेंही थोडींच उरलीं आहेत. गीझर बिघडला म्हणजे कारागीर येतो, यंत्रावर एक टिचकी मारतो आणि ‘टाकी गेली, नवा घ्या’ असा निकाल देतो. हा निकाल कधीं खरा असतो, कधीं नसतो. आणि तो ताडून पाहण्याचें साधन गृहस्थाच्या हातीं नसल्यामुळें कांहीं हजार रुपये विनाकारण जातात. तें साधन वाचकांच्या हातीं यावें, एवढ्याचसाठीं आम्ही हा विषय घेतला आहे.

ज्या पिढीनें तांब्याचा बंब पाहिला, तिच्या मनांत एक समजूत घट्ट बसली आहे : भांडें गळूं लागलें तर तांबटाकडे न्यावें, तो झाळून देईल. बंबापुरती ती बरोबरच होती, आणि जुन्या तांब्याच्या टाकीच्या गीझरासही ती लागू पडे. आजच्या बहुतेक टाक्या मात्र पोलादी पत्र्याच्या असून त्यांस आंतून काचेचा मुलामा दिलेला असतो. मुलामा तडकून पत्र्यास गंज धरला कीं झाळण्याचा उपाय चालत नाहीं. झाळण्याची आंचच आसपासचा मुलामा उडवून देते. म्हणून टाकीच्या अंगांतून पाणी झिरपत असेल, तर कारागिराचें म्हणणें निमूटपणें मान्य करावें.

पण अंगांतून झिरपतें कीं सांध्यांतून, हें आधीं पाहावें. वीज बंद करून गीझर कोरड्या फडक्यानें पुसावा व तासाभरानें हात लावून पाहावें. नळीच्या जोडापाशीं ओल असेल तर जोड बदलला कीं झालें. कॉइल बसविलेल्या झांकणाभोवतीं ओल असेल तर रबरी चकती गेली आहे. बाजूच्या सुरक्षा-झडपेंतून पाणी तापत असतांना चार थेंब पडत असतील तर तो बिघाडच नव्हे. २५ अंशांचें १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापलें कीं तें सुमारें पेलाभर फुगतें, आणि त्या पेल्यास बाहेर पडावयास तीच एक वाट असते. हे थेंब नकोत म्हणून झडपेचें तोंड बूच मारून बंद करणारे शहाणे लोक आम्हीं पाहिले आहेत. बंद टाकींत वाफ कोंडली तर काय होईल, याची त्यांनीं कल्पनाच केलेली नसते. थेंब सतत, पाणी थंड असतांनाही पडूं लागले, तर झडप नवी बसवावी. पण बूच कदापि मारूं नये.

आतां मूळ दुखण्याकडे वळूं, आणि तें यंत्रांत नसून पाण्यांत आहे. सूर्या नदीवरील धामणी धरणाचें आणि उसगांव व पेल्हार येथील पाणी वसई-विरारला नळानें मिळतें. २०२३ सालच्या अखेरीपासून सूर्येच्या नव्या योजनेचेंही येऊं लागलें. तरी कित्येक गृहसंस्थांच्या टाक्यांत या गोड पाण्यांत कूपनलिकेचें अथवा टँकरचें पाणी मिसळतें. पूर्वीं वसईच्या वाड्यांतून बावखलें असत; पावसाचें पाणी त्यांत सांठून जमिनींत मुरे व विहिरी गोड राहत. त्यांतील अनेक बुजलीं, आणि उपसा वाढला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें जी हरित वसई चळवळ उभी राहिली, तिच्या तक्रारींत टँकरांचा हा उपसा ही एक मोठी तक्रार होती. जमिनींतील गोडें पाणी उपसलें जातें तेव्हां समुद्राचें खारें पाणी त्याच्या जागीं सरकतें.

असें पाणी गीझरांत दोन प्रकारें अपाय करतें. त्यांतील चुना पाणी तापतांच कॉइलवर थर धरूं लागतो. थराखालीं उष्णता कोंडते, यंत्र कडकड आवाज करतें, पाणी तापण्यास वेळ लागतो, आणि शेवटीं कॉइल फुटते. मीठ पत्र्यास खातें, हा दुसरा अपाय. पहिल्यावर उपाय सोपा : वर्षांतून एकदां कॉइल काढून थर साफ करवावा, आणि तापमान ६० अंशांच्या वर नेऊं नये, कारण थर उष्णतेबरोबर वाढतो. संडास धुण्याचें तीव्र आम्ल मात्र टाकींत ओतूं देऊं नये.

दुसऱ्या अपायासाठीं कारखानदारानेंच एक व्यवस्था करून ठेविलेली असते, आणि तिची बहुतेक घरांस वार्ताही नसते. टाकींत मॅग्नेशियमची एक कांडी असते. कारागीर तिला ‘ॲनोड’ म्हणतात. पाण्यांतील क्षार पोलादाआधीं त्या कांडीस खातात. सर हम्फ्री डेव्ही यांनीं १८२४ सालीं जहाजांच्या तळावरील तांब्याचा पत्रा वांचविण्यास जस्ताचे व लोखंडाचे तुकडे लावून पाहिले, त्यांतीलच हें तत्त्व आहे. कांडी शिल्लक आहे तोंवर मुलाम्यास पडलेल्या बारीक चिरांतूनही पत्रा सहसा गंजत नाहीं. ती संपली कीं टाकीची पाळी येते. गोड पाण्यांत जी कांडी कित्येक वर्षें पुरते, तीच खाऱ्या पाण्यांत फार लवकर झिजते. बंब दर दिवाळीस चिंचेनें घांसला जाई, म्हणून त्याचें दुखणें दिसे. गीझरचें पोट कोणी उघडून पाहतच नाहीं.

विजेच्या बाबतींत मात्र काटकसर नको. गीझर लावतांच घरांतील गळती-रोधक खटका पडत असेल, किंवा नळास हात लावतां झिणझिण्या येत असतील, तर बहुधा कॉइलचें आवरण फुटलेलें असतें. खटका वगळून जोडणी करून देणारा कारागीर घरांत पुन्हां घेऊं नये. अशा वेळीं प्लग काढावा. कॉइल नवी बसवून आणि अर्थिंगची तार तपासूनच स्नान करावें. पाणी मुळींच तापत नसेल, तर थर्मोस्टॅट किंवा अतितापाचा खटका पाहावा. एवढ्यावरून टाकी टाकून देण्याचें कारण नाहीं.

ही तपासणी नवरात्राच्या सुमारास करवून घ्यावी, कारण नरकचतुर्दशीच्या तोंडावर कारागीर मिळत नाहीं. झांकण उघडलें कीं कांडी स्वतः पाहण्यास मागावी. ती निम्म्याहून बारीक झाली असेल किंवा मधली तार दिसत असेल, तर नवी घ्यावी. गीझरच्या मानानें तिची किंमत अगदीं थोडी असते. दुकानांत जातांना जुनी कांडी बरोबर न्यावी आणि लांबी व आटे तिच्याशीं ताडून पाहावे. रबरी चकतीही त्याच वेळीं नवी मागावी, कारण एकदां दाबलेली चकती पुन्हां नीट बसत नाहीं.