वाट मोकळी, तरी लकवा

चारी तुंबली की शेजारच्या चारीतून पाणी वळवायचं, हे पिंपळीपासून इंदापूरपर्यंत नीरा डाव्या कालव्यावर शेती करणाऱ्याला शिकवावं लागत नाही. मेंदूची बायपास याच तर्कावर उभी आहे. मानेतली मुख्य धमनी पूर्ण बंद झाली, तर कानशिलावर उडणारी धमनी कवटीला भोक पाडून आत न्यायची आणि मेंदूवरच्या धमनीला जोडायची. हृदयाची बायपास चालते, मग लकवा टाळायला ही का नको?

युक्ती जुनीच आहे. तुर्कस्तानात जन्मलेले गाझी याशारगिल यांनी १९६७ मध्ये झुरिकला ही शस्त्रक्रिया केली. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक नसा शिवण्याचा हात मात्र त्यांनी अमेरिकेत व्हर्माँटला, पीअर्डन डोनाघी यांच्या प्रयोगशाळेत बसवला होता. शिष्याचं नाव जगभर झालं, गुरू तळटीपेत गेला!

पुढे ही शस्त्रक्रिया झपाट्याने पसरली. कॅनडाच्या हेन्री बार्नेट यांनी ती १,३७७ रुग्णांवर तपासली: काहींना बायपास, बाकीच्यांना फक्त औषधं. १९८५ चा निकाल चक्रावणारा होता. ९६ टक्के जोडण्या उघड्या होत्या, रक्त वाहत होतं, तरी लकव्याचे झटके कमी झाले नव्हते.

शल्यविशारद चिडले, रुग्णांची निवडच चुकली, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पुढच्या अमेरिकी चाचणीत मेंदूला रक्त खरोखर कमी पडतंय, असेच रुग्ण पेट स्कॅनने हेरले. २०१० मध्ये ती मुदतीआधीच थांबवावी लागली. दोन वर्षांत झटका आलेले बायपासवाले २१ टक्के, औषधवाले २२.७. शिवाय पहिल्या तीस दिवसांतच बायपासवाल्यांत १४.४ टक्के, औषधवाल्यांत फक्त २. चीनमधल्या ३२४ रुग्णांच्या चाचणीनेही २०२३ मध्ये ठोस फायदा दाखवला नाही.

वाट मोकळी करूनही फायदा का नाही? बरेच झटके रक्त कमी पडून नव्हे, तर सुटलेल्या गुठळीने येतात. शिवाय मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं. एक बाजू बंद पडली तर ते पुष्कळदा दुसरीकडून रक्त पुरवतं.

बार्नेट शस्त्रक्रियेचे वैरी नव्हते. धमनी बंद नसून ७० टक्क्यांहून अधिक अरुंद असेल आणि तिच्यामुळे त्रास झालेला असेल, तर आतला थर खरवडून काढल्याने त्या बाजूच्या झटक्यांचं दोन वर्षांतलं प्रमाण २६ वरून ९ टक्क्यांवर येतं, हे १९९१ मध्ये त्यांच्याच चाचणीने दाखवलं. मेंदूच्या तळाच्या धमन्या हळूहळू अरुंद होत जाणाऱ्या मोयामोयासारख्या आजारात बायपासलाही आजही जागा आहे.

तेव्हा तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली आणि दहा मिनिटांत सगळं ठीक झालं, तरी घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि मानेच्या धमनीची तपासणी करून घ्या.