इंजिन तळाला गेलं तर
वैनगंगेवरच्या गोसीखुर्द जलाशयात नावेचं इंजिन निसटलं, तर आधी जागा धरावी. काठावरच्या दोन खुणा एका रेषेत घ्याव्यात, तशाच दुसऱ्या दिशेच्या दोन. रेषा छेदतात तिथे दगड बांधलेल्या दोरीवर रिकामा कॅन तरंगत ठेवावा. मग विहिरीतली बादली काढायचा गळ संथ फिरवायचा. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या धरणात गावंच्या गावं बुडाली, गळ अडकणारच. उथळ मामा (माजी मालगुजारी) तलाव त्या मानाने दयाळू, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वस्तू उघडी पडते. इंजिन वर आल्यावर चालू करून पाहायचा मोह आवरावा. मिस्त्री येईपर्यंत ते स्वच्छ पाण्याच्या टाकीत बुडवूनच ठेवावं. विचित्र वाटेल, पण ओल्या लोखंडाला हवा लागली की गंज झपाट्याने धरतो.