मक्याच्या रानातला ‘चकवा’: वाट का चुकते, कशी सापडते आणि मुळशीत हे जमेल का?

पौड (ता. मुळशी) : ऑक्टोबरची संध्याकाळ. सात एकर मक्याचं शेत. आई-बाप आणि सोबत दोन लेकरं, त्यातलं एक तान्हं, अवघ्या तीन आठवड्यांचं. आत शिरले तेव्हा उजेड होता. अंधार पडला आणि बाहेर पडायची वाटच सापडेना. शेवटी आईनं घाबरून पोलिसांना फोन लावला. पोलीस कुत्रा घेऊन आले आणि थोड्याच वेळात कुटुंब सापडलं. पाहतात तर काय, ही मंडळी रस्त्यापासून काही फुटांवरच उभी होती!

ही घटना अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डॅनव्हर्स गावची, २०११ सालची. विशेष म्हणजे हे कुटुंब त्या शेतात चुकून शिरलं नव्हतं. वाट चुकण्याची मजा घ्यायला रीतसर तिकीट काढून गेलं होतं. या खेळाला तिकडं ‘कॉर्न मेझ’ म्हणतात. आपल्या भाषेत मक्याचा भूलभुलैया.

हा प्रकार आला कुठून?

१९९३ साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, अॅनव्हिल इथं सुमारे तीन एकर मक्यात डायनासोरच्या आकाराच्या वाटा कापल्या गेल्या. आजच्या मक्याच्या भूलभुलैयांची सुरुवात तिथून मानतात. त्या वर्षी तिकडं मोठा पूर आला होता. या खेळातून जमलेला पैसा पूरग्रस्तांच्या मदतीला गेला. पुढं शेतकऱ्यांच्या लक्षात आलं, की नुसतं कणीस विकण्यापेक्षा त्याच शेतात लोकांना फिरवलं तर हातात जास्त पैसा येतो. कॅलिफोर्नियातल्या डिक्सन इथं तर २०१४ मध्ये ६० एकरांचा भूलभुलैया झाला आणि तो गिनीज बुकात गेला.

वाट चुकते तरी का?

गावाकडं याला एक शब्द आहे, चकवा. तिन्हीसांजेला रानातून येताना माणूस चालत राहतो आणि फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो. जुनी माणसं म्हणतात, ‘चकवा लागला.’

यामागचं कारण शास्त्रज्ञांनी तपासलं आहे. २००९ मध्ये जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी काही लोकांना जंगलात आणि सहारा वाळवंटात ‘सरळ चालत राहा’ असं सांगून सोडलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ चालले. आभाळ भरून आलं किंवा चंद्र मावळला, की तीच माणसं गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आली, आणि त्यांना ते कळलंही नाही.

म्हणजे डोळ्यांना लांबची एखादी खूण लागते. डोंगर, देवळाचा कळस, टॉवर, मावळतीचा सूर्य. मक्याच्या शेतात नेमकी हीच खूण झाकली जाते. ताटं सात-आठ फूट वाढतात, चारी बाजूंना सारखीच पानं, सारखेच तुरे. त्यात दिवस मावळला की उरलीसुरली दिशाही जाते.

एकत्र बाहेर कसं पडायचं?

यासाठी साध्या पाच गोष्टी आहेत. त्या भूलभुलैयात चालतातच, काही रानातही उपयोगी पडतात.

१. एक हात भिंतीला. आत शिरतानाच उजवा किंवा डावा हात मक्याच्या ओळीला लावायचा आणि तो शेवटपर्यंत बदलायचा नाही. वाट बंद झाली तरी त्याच हातानं वळून परत यायचं. आत जायचं आणि बाहेर यायचं तोंड शेताच्या बाहेरच्या कडेला असेल तर ही युक्ती माणसाला बाहेर काढतेच. वेळ जास्त लागेल, पण वाट सुटेल. मात्र मधेच भानावर येऊन हात लावला, तर ती ओळ मधल्याच एखाद्या सुट्या पट्ट्याची असू शकते. मग त्याच पट्ट्याभोवती फेऱ्या होतात. म्हणून हात पहिल्या पावलापासून लावायचा.

२. फाट्यावर खूण. जिथं वाटा फुटतात तिथं जमिनीवर खडा ठेवायचा किंवा रेघ ओढायची. ज्या वाटेनं दोनदा जाऊन झालं, तिथं तिसऱ्यांदा पाऊल टाकायचं नाही.

३. फुटायचं नाही. ‘तू इकडून बघ, मी तिकडून बघतो’ इथंच घोटाळा होतो. मग वाट शोधायची राहते आणि माणसंच शोधावी लागतात. लहान पोर मधे, मोठी माणसं पुढं-मागं. फाट्यावर सगळ्यांनी थांबून एकच निर्णय घ्यायचा.

४. ताटं मोडून आडवं घुसायचं नाही. त्यानं शेतकऱ्याचं नुकसान होतं, आणि मागून येणाऱ्यांना खोटी वाट दिसते.

५. अंधार पडायच्या आत बाहेर. नोव्हेंबरात आपल्याकडं सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मक्यात त्याच्या आधीच काळोख होतो.

मुळशीत हे जमेल का?

मुळशी म्हणजे भाताचा तालुका. इंद्रायणी आणि आंबेमोहोर ही इथली ओळख. ताम्हिणीच्या बाजूला पाऊस इतका, की मक्याच्या मुळाशी पाणी साचून पीक पिवळं पडेल. पण पिरंगुट, घोटावडे अशा पूर्वेकडच्या पट्ट्यात, निचऱ्याच्या जमिनीवर प्रयोग होऊ शकतो. गिऱ्हाईकही लांब नाही. हिंजवडी मुळशीतच आहे आणि पुणे शेजारी.

दिवाळीच्या सुट्टीत मका डोक्यावर जायला हवा असेल तर पेरणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला उरकावी लागते. डोक्याएवढी उंची यायला साधारण दोन महिने लागतात. भात काढून त्याच रानात मका करायचा तर हंगाम जानेवारीत जातो. थंडीत वाढही हळू होते.

वाटा पीक मोठं झाल्यावर कापत नाहीत. मका गुडघ्याएवढा असतानाच कागदावरचा नकाशा खुंट्या, दोरी आणि फक्कीनं रानात उतरवायचा आणि नको ती रोपं मुळासकट काढायची. उशिरा कापलं तर टोकदार धसकटं राहतात आणि पोरांच्या पायात घुसतात.

आता हिशेब. २० गुंठे म्हणजे साधारण ४५ मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद रान. दीड मीटरची वाट आणि दीड मीटरचा मका असं धरलं तर आत साडेसहाशे मीटरच्या आसपास वाटा बसतात. म्हणजे अर्ध्या एकरात माणूस अर्ध्या किलोमीटरहून जास्त चालतो. पण याचा दुसरा अर्थ असा, की निम्मी जमीन वाटेत जाते आणि पीकही निम्मंच येतं. नुसतं कणसावर हे परवडणार नाही. तिकीट, भाजलेली कणसं, पिठलं-भाकरी, शाळेच्या सहली असं सगळं जुळून आलं तरच गणित बसतं. शेवटी उरलेल्या ताटांची कुट्टी जनावरांना होते, तेवढी मात्र हक्काची.

मक्यावर लष्करी अळीचंही संकट असतं. ही अळी २०१८ मध्ये भारतात आली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. ती पोंगा खाते. पोंगा गेला की भिंतच विरळ होते आणि खेळाची मजा जाते. फवारणी करावी लागली तर औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत कुणालाही आत सोडता येणार नाही. मग पोरांना तर नाहीच नाही.

सगळ्यात मोठा प्रश्न बिबट्याचा

अमेरिकेतल्या शेतकऱ्याला जी काळजी नाही, ती आपल्याकडं आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडं उंच उसात बिबट्या कसा दडतो, हे सगळा जिल्हा जाणतो. उंच मकाही तसाच आडोसा. मुळशीच्या डोंगरपट्ट्यातही बिबट्याचा वावर आहे. शिवाय दाण्याला उंदीर येतात आणि उंदरामागं घोणस, नाग.

म्हणून तिकडच्यासारखा बॅटरी घेऊन रात्री फिरायचा खेळ इथं नकोच. सकाळी लोकांना सोडण्याआधी दोघा-तिघांनी आवाज करत सगळ्या वाटा फिरून यायचं. आत गेलेली आणि बाहेर आलेली माणसं मोजायची. मधोमध उंच मचाण बांधून त्यावर एक माणूस बसवायचा. राखणीचं मचाण आपल्याला नवं नाही, फक्त इथं पाखरांऐवजी माणसं राखायची. आणि साडेचारनंतर कुणालाही आत घ्यायचं नाही.

बिबट्या किंवा त्याचे ठसे दिसले तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६. माणूस अडकला, जखमी झाला तर ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

राज्यात २०२० पासून कृषी पर्यटन धोरण लागू आहे. त्याखाली पर्यटन संचालनालयाकडं केंद्राची नोंदणी करता येते. पाहुणे बोलवायचे तर आधी ही नोंदणी, मग फलक.

पहिल्या वर्षी मात्र पाच-दहा गुंठ्यांवरच करून पाहिलेलं बरं. गावातलीच पोरं आधी आत सोडावीत. ती कुठं अडकतात, किती वेळात बाहेर येतात, हे बांधावर बसून बघावं. सगळी पोरं हसत बाहेर आली, की मग पुण्याच्या पाहुण्यांना बोलवावं.