पारा गेला कुठे? ताटात!

तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड, पोलाद असे सगळेच बनते. तिचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या मोजणीत देशातील औद्योगिक पट्ट्यांत तारापूर सर्वाधिक प्रदूषित ठरले. त्याआधीच, २०१६ साली, अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली होती. जानेवारी २०२२मध्ये लवादाने कारखान्यांवर पर्यावरण भरपाई बसवली. तिथली मासळी ताटात येणे मात्र तोवर थांबले नव्हते.

अशा सांडपाण्यातून येणारे पाऱ्यासारखे जड धातू कुजत नाहीत, एवढे लक्षात घेतले तरी पुरे. गाळातले जिवाणू पाऱ्याचे मिथाइल पारा करतात. तो लहान माशातून मोठ्या माशात चढत्या प्रमाणात साठतो, आईच्या रक्तातून थेट गर्भाच्या मेंदूपर्यंत पोचतो. जपानच्या मिनामाता शहरात १९५६ साली उघड झालेल्या आजाराने हे जगाला दाखवले. शिजवून, तळून वा खारवून पारा जात नाही.

शिसे मुलांची बुद्धी खुंटवते. त्याची सुरक्षित पातळीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कॅडमियम मूत्रपिंड आणि हाडे पोखरते. षट्संयुजी क्रोमियमच्या वाफांनी फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. मुलामा देण्याच्या खात्यातल्या कामगारांनी हे विसरू नये.

गरोदर बायकांनी मोरी (शार्क) टाळावी, मोठी सुरमई क्वचित खावी. मांदेली, जवळा पाऱ्याच्या बाबतीत बरे. मात्र सांडपाण्याच्या तोंडाशी धरलेली मासळी, लहान असो वा मोठी, घेऊच नका.