रुवैसच्या जमिनीतलं मीठ फरशीवर कसं येतं?

फरशीच्या सांध्यांतून पांढरी पूड वर येते. पुसली, की चार दिवसांनी परत हजर. गावाकडे आजी बघताक्षणी सांगेल, "लोणा लागलाय." रुवैसच्या जुन्या घरातही दुखणं तेच, फक्त इथे ते जास्त खोल जातं.

रुवैस अबू धाबी शहराच्या पश्चिमेला साधारण २४० किलोमीटरवर आहे. इथलं तेल-उद्योगाचं संकुल १९८२ मध्ये शेख झायेद यांच्या हस्ते रीतसर सुरू झालं. म्हणजे त्या काळातल्या काँक्रीटने आता चाळिशी ओलांडलीय. या किनारपट्टीवर जागोजागी 'सबखा' नावाची सपाट, खारट जमीन आहे. कोकणातलं मिठागर डोळ्यांसमोर आणा, फक्त कुणी न बांधलेलं आणि मैलोन् मैल पसरलेलं. सबख्यात पाणी बऱ्याच ठिकाणी मीटर-दीड मीटरवर लागतं आणि ते समुद्रापेक्षाही कितीतरी खारट असतं.

आता काँक्रीटकडे बघू. दिसायला दगड, पण आत बारीक छिद्रांचं जाळं. दिव्याची वात तेल वर ओढते तसं ते जमिनीतली ओल वर ओढतं. घरात एसी अखंड चालू, हवा कोरडी, त्यामुळे वर आलेलं पाणी पटकन उडून जातं. मीठ मात्र मागे राहतं, छिद्रांत त्याचे स्फटिक वाढतात आणि पृष्ठभागाचे पोपडे सुटतात. तळघर असेल तर ते पाण्याच्या आणखी जवळ, म्हणून त्रासही जास्त.

या मिठात दोन वेगळे शत्रू आहेत. सल्फेट सिमेंटशी संयोग पावून फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. क्लोराइड काँक्रीटला फारसा धक्का लावत नाही, ते थेट आतल्या सळईला गंजवतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून वरचा थर उचलला जातो.

गंमत अशी, की एकाचा इलाज दुसऱ्याच्या पथ्यावर पडतो. आखाती देशांत सल्फेटला तोंड देणारं खास सिमेंट खूप वापरलं गेलं. त्यात ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट हा घटक मुद्दाम कमी ठेवतात. पण क्लोराइडला धरून ठेवणारा घटकही तोच! म्हणून पुढे भट्टीची मळी (स्लॅग) आणि मायक्रोसिलिका मिसळून छिद्रंच बारीक करण्याकडे कल वळला.

आधी निदान

ओल कुठून येते ते ठरवा. साधारण ४५ सेंटिमीटर चौरस प्लॅस्टिकचा तुकडा उघड्या काँक्रीटवर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि किमान १६ तास तसाच राहू द्या. थेंब प्लॅस्टिकच्या खाली आले तर ओल जमिनीतली, वर आले तर खोलीतल्या हवेतली.

मग घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. काटा फिरतोय? मग कुठेतरी गळती आहे. सबख्यावर ही गोष्ट क्षुल्लक नसते. तिथल्या वाळूचे कण मिठानेच एकमेकांना धरलेले असतात. गोडं पाणी ते मीठ विरघळवतं आणि खालची जमीन बसते. भिंतीलगतच्या बागेला रोज घातलेलं पाणीही हेच करू शकतं.

शेवटी हातोडीने फरशीभर हलकं ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे खडूने खूण करा.

मग दुरुस्ती

पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलीत तर मीठ विरघळून परत आत जातं. ओल चालू असताना वरून इपॉक्सी रंग मारला तर तो फुगून निघतो.

खराब भाग ठोस काँक्रीट लागेपर्यंत काढा, कडा सरळ कापा. सळई गंजलेली असेल तर तिच्या मागूनही दोनेक सेंटिमीटर मोकळं करावं लागतं. नुसतं भोक बुजवलं तर काय होतं? नवा माल निरोगी, शेजारचा क्लोराइडने भरलेला, आणि गंज त्या ठिगळाच्या कडेने जोरात सुरू होतो. म्हणून बराच भाग बिघडला असेल तर तेवढा कोबा उखडून खाली खडीचा थर, त्यावर जाड प्लॅस्टिकचा अखंड पडदा आणि मग नवं काँक्रीट, हाच टिकाऊ मार्ग. १०० किलो सिमेंटला पाणी ४० किलोच्या आसपास ठेवा, आणि तेही गोडंच. नंतर किमान सात दिवस ओलं गोणपाट.

उन्हाळ्यात काम पहाटे किंवा रात्री ठेवा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर काम करवून घ्यायला इथे कायद्याने बंदी आहे. कोबा फोडणाऱ्या माणसाचा जीव आधी, आणि तळपत्या उन्हात काँक्रीटही तडकतंच.

तडा रुंदावत असेल, दोन बाजूंची पातळी वेगळी झाली असेल किंवा दार अडकायला लागलं असेल, तर स्वतः काही भरू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. भाड्याच्या किंवा कंपनीच्या घरात असाल तर तारखेसह फोटो काढून लेखी कळवा. घर सोडायच्या आधी त्यावर गालिचा अंथरणं सोपं असतं, पण पुढच्या कुटुंबाचं रांगणारं बाळ त्याच फरशीवर खेळणार असतं.