जिंकलो, पण पळतीचे काय?

दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागारात १९ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले, आणि पाठोपाठ मुलांनीही नेपाळलाच ५४-३६ असे. खो-खोची ती पहिलीवहिली विश्वचषक स्पर्धा. दोन्ही चषक आपल्याकडे आले. फोटो छापून आले, सत्कार झाले आणि आठ-पंधरा दिवसांत घरोघरचे टीव्ही पुन्हा क्रिकेटकडे वळले. त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. पण ज्याने एकदा तरी पाटीवर उकिडवे बसून ‘खो’ची वाट पाहिली आहे, त्याचे समाधान गुणफलकाच्या शेवटच्या ओळीवर होत नाही. बँकेत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते की, शिल्लक जुळली म्हणून वही मिटायची नाही; मधल्या नोंदी तपासायच्या. कॉलेजच्या खो-खो संघात मी बारावा गडी होतो, म्हणजे मुख्यतः पाणी आणि लिंबे सांभाळणारा. त्यामुळे खेळलो कमी आणि पाहिले फार. त्या दोन्ही भांडवलांवर हा हिशेब.

आधी थोडे थंड पाणी ओतून घेऊ. मुलींनी पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असे हरवले, उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशाला १०९-१६ असे, उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेला ६६-१६ असे. या आकड्यांनी छाती फुगवून घ्यायची असेल त्याने खुशाल घ्यावी. पण ज्या देशांत हा खेळ आपल्याइतका मुरलेला नाही, त्यांच्याविरुद्धचे विजय म्हणजे पाचवीच्या मुलाला पाढे विचारून स्वतःची पाठ थोपटणे. नियम पुण्यात १९१४ साली डेक्कन जिमखान्यात बसवले गेले, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखवले. एवढ्या जुन्या घरंदाज खेळात आपण नवख्यांना हरवले नसते तरच बातमी झाली असती. खरी परीक्षा नेपाळचीच होती. सलामीच्या सामन्यात आपल्या मुलांना त्याच नेपाळने ४२-३७ पर्यंत ओढत नेले होते, हे विजयाच्या धामधुमीत बहुतेकांच्या ध्यानातून गेले. अवघे पाच गुण!

आता अंतिम सामन्याच्या नोंदी. नव्या पद्धतीत सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या असतात, दोनदा आक्रमण आणि दोनदा संरक्षण. एक गडी टिपला की दोन गुण. मुलांनी पहिल्या पाळीत २६ गुण घेतले. सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरच्या रामजी कश्यपने सूर मारून खाते उघडले, पुण्याच्या सुयश गरगटेने लगेच भर घातली. दुसऱ्या पाळीत नेपाळला १८. तिसऱ्या पाळीत आपले आणखी २८, म्हणजे ५४. चौथ्या पाळीत नेपाळला पुन्हा १८. बेरीज बरोबर आहे. गंमत अशी, की आपले चोपन्नच्या चोपन्न गुण आक्रमणातून आले. संरक्षण करताना आपल्या खात्यात एकही गुण जमा झाला नाही.

मुलींची वही जास्त वाचनीय आहे. पहिल्या पाळीनंतर ३४-०. दुसरीनंतर ३५-२४. तिसरीत त्या ७३ वर गेल्या, आणि चौथीनंतर ७८-४०. या पस्तिसातला तो एक आणि अठ्ठ्याहत्तरातले शेवटचे पाच कुठून आले? ते पळतीतून आले. चौथ्या पाळीत चैत्राच्या तुकडीने पाच मिनिटांहून अधिक काळ नेपाळच्या मुलींना नुसते झुलवले. सात मिनिटांतली पाच! सामना तेव्हा केव्हाच खिशात होता, नेपाळ एकोणपन्नास गुणांनी मागे होता. तरी त्या मुली पळत होत्या त्या जणू गुणफलक कोराच आहे अशा. मला विचाराल तर विश्वचषकातली सर्वांत सुंदर पाच मिनिटे ती. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे पारितोषिक चैत्रालाच मिळाले, हे उत्तम झाले.

आणि आता मला टोचलेली नोंद. दोन्ही अंतिम सामन्यांत सर्वोत्तम संरक्षकाचे बक्षीस हरलेल्या संघाकडे गेले: मुलींत नेपाळच्या मनमती धामीकडे, मुलांत नेपाळच्याच रोहित बर्माकडे. ज्या मातीत हूल देणे जन्मले, तिथल्या नऊ-नऊ मिनिटांच्या डावांत मुरलेल्या संघांकडे ते गेले नाही. आपण मारून जिंकलो. टिकून जिंकलो ते फक्त मुलींच्या बाजूला.

तुम्ही म्हणाल, जिंकलो ना? मग मारून काय नि टिकून काय? फरक आहे. आक्रमण आठ-पंधरा दिवसांच्या शिबिरात घोटून घेता येते: खो कुठे द्यायचा, गडी खुंटाकडे कसा रेटायचा, सूर केव्हा मारायचा. पळती मात्र लहानपणी अंगात शिरते. मागून येणाऱ्याचा श्वास ऐकू येणे, पाटीतून निसटताना खांदा एकीकडे आणि पाय दुसरीकडे नेणे, हे दहाव्या-बाराव्या वर्षी आले तर आले. त्यासाठी मोकळी जागा लागते आणि रोजची संध्याकाळ लागते. शहरांत दोन्ही संपत आली आहेत.

ही जागा अजून जिथे शिल्लक आहे अशा ठिकाणी मी हे लिहितो आहे. नोकरीतली चार वर्षे जव्हारच्या शाखेत काढली, तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ साली पालघर वेगळा झाला. निवृत्तीनंतर हिवाळ्यात आठवडाभर इकडे येतो. गावाजवळच शिरपामाळ आहे. १६६४ साली सुरतेच्या मोहिमेवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला, जव्हारच्या विक्रमशहा राजाने त्यांना शिरपेच देऊन गौरवले आणि त्यावरून माळाचे नाव पडले, असे इथे सांगतात. संध्याकाळी सूर्यास्त पाहायला पर्यटक येतात. मी पाहतो तो माळाच्या अलीकडच्या सपाटीवरचा खेळ. दोन बांबू खुंट म्हणून रोवलेले, रेषा चुलीतल्या राखेच्या, पाय अनवाणी, खाली मुरूम. या जानेवारीत तिथे एक वाद ऐकला. तेरा-चौदा वर्षांची एक किडकिडीत पोरगी कितीतरी वेळ बाद होईना, आणि मग भांडण लागले की तिला ‘ड्रीम रन’चे गुण द्यायचे की नाही. मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलेले!

‘ड्रीम रन’ ही नव्या नियमांतली मला मनापासून आवडलेली गोष्ट. पूर्वी कितीही वेळ पळा, गुण मिळे तो मारणाऱ्याला. पळणाऱ्याचे मिनिट-सेकंद गुणलेखकाच्या कागदावर पडून राहत, चालू खात्यातल्या रकमेसारखे, बिनव्याजी. आता तिघांची तुकडी ठरावीक वेळेपेक्षा जास्त टिकली की गुण जमा होतात. उशिरा का होईना, व्याज सुरू झाले. बाकीचे बदल मात्र मी हात राखून स्वीकारतो. नऊऐवजी सात गडी, कुठल्याही दिशेने धावायची मुभा असलेला ‘वजीर’, हे सारे टीव्हीला सोयीचे आहे. वजीर दिसतो छान, पण दिशा न बदलण्याचे बंधन हीच तर आक्रमकाची खरी कसोटी होती. तेच काढून घेतले तर मग लंगडीच खेळा की! असो, माझ्या वयाच्या माणसाने दर बदलावर एकदा कुरकुर करायची असतेच.

खरी अडचण वजिराची नाही, मॅटची आहे. विश्वचषक मॅटवर झाला आणि यापुढे मोठे सामने मॅटवरच होणार. गुडघे फुटत नाहीत, पाऊस अडवत नाही, चित्र चांगले दिसते. पण मॅटवर बूट घालून पळणे हा वेगळा खेळ आहे. मुरुमावर पाऊल किंचित घसरते आणि त्या घसरण्यावरच इथली पोरे हूल देतात. मॅटवर बूट जिथे टेकला तिथे रुततो. सवय नसेल तर पहिल्या दोन मिनिटांत पाय मुरगळायचा. आश्रमशाळांच्या स्पर्धा होतात, प्रकल्प पातळी, विभाग पातळी, राज्य पातळी अशा पायऱ्या आहेत, खो-खो त्यात आहेच. पण तालुक्याच्या मैदानात मातीवर तरबेज झालेली मुलगी निवड चाचणीत आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर उभी राहिली, तर ती चाचणी तिच्या पळतीची होत नाही, तिच्या बुटांची होते.

आणि या मुली डोंगराळ भागातूनच येतात हो. विजेत्या संघातली ओपिना भिलार गुजरातच्या डांगमधली. जव्हारहून उत्तरेकडचे हे डोंगर चढत-उतरत गेले की त्याच जंगलपट्ट्यात डांग लागतो. बोलीत आणि भाकरीत फारसा फरक नाही. मगई माझी ओडिशाची. मोखाड्याच्या पलीकडे, हरसूलच्या बाजूला सावरपाडा आहे. तिथल्या कविता राऊतने २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य आणले. पाय आहेत, दमसास आहे. २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद मैदानाएवढी एक मॅट आणि वीस-पंचवीस जोड बूट जव्हारला असले, तर इथल्या पळतीचा खरा भाव बाजारात कळेल. एखाद्या मध्यम पुतळ्याच्या चौथऱ्याला याहून जास्त पैसा लागत असावा.

पुढच्या विश्वचषकात मी पहिली पाळी पाहणार नाही, गुण तिथे पडतीलच. मी दुसरी पाळी पाहणार आहे. नेपाळची मुले पाठीवर असताना आपली पहिली तुकडी किती वेळ उभी राहते, हे घड्याळ लावून मोजायचे आहे.